हातांच्या जागी दोरा

आमच्या गल्लीत कुणाला दिवस गेले की त्या पोरीची सासू आधी मला गाठते. "महानंदाबाई, तुमची ती गोष्ट हिच्यापुढं काढू नका बरं का, घाबरंल." मी हो म्हणते आणि पहिली संधी मिळाली की सगळं सांगून मोकळी होते. घाबरली तर घाबरू दे. घाबरलेलं माणूस दवाखान्यात लवकर जातं.

ज्यांना ही गोष्ट ऐकायची नाही त्यांच्यासाठीच खरं तर लिहितेय. मी काही डॉक्टर नाही. बारावी झालेली, बीडच्या मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका आडत दुकानाच्या घरातली सून. इंजेक्शनांची नावं विचारू नका, लक्षात नाहीत. पण माझ्या पोटात काय केलं ते मी डॉक्टरबाईंना छळून छळून समजून घेतलंय, आणि इतकी वर्षं झाली तरी ते आठवलं की मी हातातलं काम थांबवते.

*

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. माझं माहेर कपिलधारच्या अलीकडचं एक लहान गाव. तेव्हा गावात फोन म्हणजे फाट्यावरचा एसटीडी बूथ. माझी चुलती, जिला आम्ही मोठीआई म्हणतो, तिच्या हातानं गावातली निम्मी पोरं जन्मलेली. त्यामुळं दवाखान्याचं नाव कुणी काढलंच नाही.

कळा लई लांबल्या. आदल्या दिवशी सुरू झालेल्या, आणि उन्हं चांगली वर आल्यावर मी मोकळी झाले. मुलगी. अशी दणकट की मोठीआई म्हणाली, "ही पोटातूनच जेवून आली गं." सगळ्या हसल्या, मीसुद्धा. वार पडली. मोठीआईनं जुन्या मऊ लुगड्याची पट्टी केली आणि दोघी बायांनी दोन बाजूंनी ओढून माझं पोट बांधलं. पोट सुटू नये, वारा शिरू नये म्हणून आमच्याकडं बांधतातच. मोठीआईचा हात जड. पट्टी अशी आवळली की माझा श्वास वरच्या वर राहिला.

रक्त जात होतं. ते सगळ्यांचंच जातं. आई कपडा बदलत होती आणि दर वेळी मोठीआईकडं बघत होती. मोठीआई म्हणायची, "जाऊ दे. नऊ महिन्यांची घाण हाय ती. जितकी जाईल तितकं अंग हलकं." ही काही तिची एकटीची समजूत नव्हती. माझ्या आजीची होती, आईची होती, माझीही होती. आणि माझं अंग हलकं वाटतही होतं. मला वाटलं, चला, घाण निघाली. मी मरायला लागले होते आणि मला बरं वाटत होतं.

पट्टीच्या आत काय चाललंय ते कुणाला दिसत नव्हतं. अर्धं रक्त तर बाहेर येतच नव्हतं, आतच साठत होतं.

*

दादा, म्हणजे माझे वडील, बूथवर गेले आणि बीडला माझ्या सासूबाईंना फोन लावला. "लक्ष्मी आली. बाळंतीण बरी हाय. रगत जरा जास्त जातंय, पण आमच्या वहिनी म्हणतात घाण हाय, जाऊ द्यावी." पलीकडून अभिनंदन नाही, काही नाही. फोन ठेवल्याचा आवाज आला. दादा तोंड पाडून घरी आले. "विहीणबाई काही बोलल्याच न्हाईत. मुलगी झाली म्हणून नाराज दिसत्यात."

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. उंच, काटकुळ्या, बोलणं कमी. मोंढ्यात हमाल त्यांना मालकापेक्षा जास्त भितात. त्यांच्या शिव्या मोजक्या असतात, पण वजनदार. आणि दोन्ही घरांत अशी रीत की बारशापर्यंत सासरच्या बाईनं बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. म्हणून दारात जीप थांबली आणि तिच्यातून आत्याबाई आणि आमचे हे उतरले, तेव्हा आईची त्रेधातिरपीट उडाली. सतरंजी टाकू का चहा टाकू. "विहीणबाई, बसा तरी."

आत्याबाई चपला घालूनच आत आल्या. देवाधर्माच्या बाई, सोवळ्याच्या नसल्या तरी शिस्तीच्या, त्या चपला घालून माझ्या खाटेजवळ. त्यांनी आधी माझे पाय चाचपले. मग पांघरूण काढलं. मग पोटावरच्या पट्टीला हात घालून म्हणाल्या, "हे सोडा."

मोठीआई म्हणाली, "आत्ताच बांधलंय. सोडायचं नसतं."

आत्याबाईंनी दातांनी गाठ सोडली. पट्टी निघाली आणि पोट फुगून वर आलं, मळून ठेवलेल्या कणकेसारखं मऊ. आणि खाली नुसते रक्ताचे गोळे. आईनं ते बघितलं आणि ती भिंतीला टेकली.

"जीप फिरवा," आत्याबाई म्हणाल्या.

"ओली बाळंतीण हाय, वारा लागंल," मोठीआई म्हणाली.

"लागू द्या. वारा लागायला माणूस जित्तं तर पाहिजे."

*

जीपमधलं मला थोडंच आठवतं. डोकं आत्याबाईंच्या मांडीवर होतं. बाळ आईजवळ, पुढच्या सीटवर. मला इतकी गोड झोप येत होती की काय सांगू, आणि आत्याबाई गालावर चापट्या मारत होत्या. "झोपू नको. ए महानंदा. शिवी दे मला. सून हाईस ना? मनात साठल्या असतील. दे एखादी."

मी म्हणे खरंच एक दिली. कोणती, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. फक्त म्हणतात, "चांगली ठसक्यात दिलीस."

बीडच्या ज्या दवाखान्यात नेलं तिथल्या डॉक्टरबाई चाळिशीच्या, आवाज बारीक, केसांत कायम पेन खोचलेला. त्यांनी इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं, पोट चोळलं. मला नंतर त्यांनी समजावलं ते असं. बाळ बाहेर आलं की गर्भाच्या पिशवीनं स्वतःहून मुठीसारखं आवळून घ्यायचं असतं. ती आवळली की आतल्या रक्ताच्या नळ्या दाबल्या जातात आणि रक्त थांबतं. माझी पिशवी दमली होती. औषधं देऊनही ती आवळेना, सैल पडून राहिली. आणि ज्याला आम्ही घाण घाण म्हणत होतो ते माझं चांगलं रक्त होतं.

आत न्यायच्या आधी सिस्टर म्हणाली, अंगावरचं सगळं काढा. बांगड्या काढल्या, मंगळसूत्र काढलं. गळ्यात इष्टलिंग होतं. आम्हा लिंगायतांत ते जन्मल्यावर गळ्यात पडतं ते मेल्यावरही उतरत नाही. आई म्हणाली, ते कसं काढायचं? डॉक्टरबाई म्हणाल्या, राहू द्या, हाताला बांधू. पण हाताला सुया टोचलेल्या, बांधायला जागा नव्हती. तेव्हा रोज पूजेशिवाय तोंडात पाणी न घेणाऱ्या माझ्या सासूनं स्वतःच्या हातानं ते माझ्या गळ्यातून काढलं आणि आपल्या मुठीत धरलं. "ही असंल तर ह्याचा उपयोग," म्हणाल्या. "ही गेली तर कुणाच्या गळ्यात बांधू?"

*

पुढचं मला शुद्ध नसताना झालं. ते मी आमच्या ह्यांच्याकडून आणि सिस्टरकडून निरनिराळं ऐकलंय आणि जुळवलंय.

डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि सरळ बोलल्या. "औषधानं थांबत नाही. पोट उघडावं लागेल. पिशवी काढली की रक्त थांबतं, तो नेहमीचा रस्ता आहे. पण पोरगी तेवीस वर्षांची आहे. एक नवीन टाका निघालाय. पुण्याला परिषदेत मी त्याची चित्रं बघितली, लेख आणून वाचला. पिशवी न काढता तिला बाहेरून बांधायची. मी तो आजवर कुणाला घातलेला नाही. खोटं सांगणार नाही."

माझ्या आईनं डॉक्टरबाईंचे पाय धरले. "पिशवी काढू नका बाई. पहिली मुलगीच झालीय तिला. उद्या ह्यांनी दुसरी केली तर माझ्या लेकीनं जायचं कुठं?" हे जावयासमोर, विहिणीसमोर.

आणि आत्याबाई म्हणाल्या, "काढून टाका. मला सून पाहिजे, पिशवी नको."

बघा आता. माझी जन्मदाती पिशवी मागत होती आणि सासू मला मागत होती. ऐकणाऱ्याला वाटेल नावं चुकली. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

मग आमचे हे पुढं आले. मोंढ्यातला माणूस; परखी घालून पोत्यातला नमुना हातावर घेतल्याशिवाय सौदा न करणारा. त्यांनी एकच विचारलं, "टाका चालंल का न्हाई, हे टाका घालायच्या आधी कळतं का?"

डॉक्टरबाईंनी दोन्ही तळवे जोडून दाबून दाखवले. मग म्हणाल्या, "कळतं. पोट उघडल्यावर पिशवी दोन्ही हातांनी दाबून धरायची. दाबल्यावर रक्त थांबलं तर टाकाही थांबवेल. नाही थांबलं तर मी एक क्षण वाया घालवणार नाही, काढून टाकीन."

"मग दाबून बघा," हे म्हणाले. आत्याबाईंनीही मान हलवली. आई रडतच होती.

*

तोवर रक्त पाहिजे होतं. आमच्या दुकानाचा मुनीम मोंढ्यात गेला. त्या काळी रक्त द्यायचं म्हटलं की भल्याभल्यांच्या पोटात दुखायचं. गडी कमजोर होतो म्हणायचे. दोन-तीन शेठ लोकांना ऐन वेळी साखर निघाली, एकाला चक्कर यायची जुनी सवय आठवली. आले ते हमाल. अंगावर तुरीचा भुसा, खांद्यावर पंचा, तसेच रांगेला उभे. एक मापाडीही आला. त्यातल्या कुणाची जात कोणती, हे आमच्या घरात त्या दिवशी कुणी विचारलं नाही, आणि नंतर विचारायची सोय उरली नाही. माझ्या अंगात निम्मा मोंढा फिरतोय. तेव्हापासून माझा आवाज वाढला असं हे म्हणतात. वाढणारच.

आत डॉक्टरबाईंनी पिशवी दोन्ही तळव्यांत धरली आणि दाबली. माझ्या पायांकडच्या बाजूला सिस्टर खालून जाणारं रक्त बघायला उभी होती. तिनं मला स्वतः सांगितलंय. ती म्हणाली, धार बारीक झाली, मग थेंब झाले, मग काहीच नाही. "थांबलं, बाई." डॉक्टरबाईंनी परत विचारलं, "नीट बघ." "थांबलंय."

आता विचार करा. दोन हातांच्या मध्ये एका बाईचा जीव. हात काढले की परत सुरू. आणि हात काही दिवसभर तिथं ठेवता येत नाहीत. म्हणून ज्या कुणा डॉक्टरला हे सुचलं त्याला काय सुचलं, की हात काढायचे आणि त्या जागी दोरा ठेवायचा. हात जिथून जसे दाबत होते, तिथूनच तसं दाबणारा. मदतनीस डॉक्टर दाबून धरत होते आणि बाई चित्र आठवून आठवून टाका घालत होत्या. शेवटची गाठ मारून त्यांनी सांगितलं, हळूच हात काढा. काढले. सगळे सिस्टरकडं बघत होते आणि सिस्टर खाली बघत होती.

रक्त आलं नाही.

*

मला जाग आली तेव्हा खाटेच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला आत्याबाई. दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. मध्ये मी, सलाईनच्या नळ्या आणि कुशीत लेक. दवाखान्यातले दिवस सगळे सारखेच. सकाळी फरशी पुसल्याचा फिनेलचा वास, मग सिस्टर, मग नाडी, मग पोटावरची पट्टी, मग पातळ वरण. उठून बसले की डोळ्यांपुढं काळे ठिपके यायचे. दूध आलं नाही लवकर, त्याचं रडू वेगळंच. शेजारच्या खाटेवरची बाई आपल्या लेकरासोबत माझ्या लेकीलाही पाजायची, न विचारता, नाव-गाव न पुसता.

बाहेर काय बोलणं झालं ते सिस्टरनं सांगितलं आणि मला आईचा असा राग आला की मी तिच्या हातचं पाणी घेईना. तिला वाटलं मला मळमळतंय. शेवटी मी तोंडावरच विचारलं, "तुला मी नको होते का?"

आई म्हणाली, "तू वाचशीलच असं मी धरून चालले व्हते गं. म्हणून पुढचं मागत होते. तू जगून माझ्या दारात परत आली असतीस, तर मी काय केलं असतं?" आमच्या गावात मूल नसलेल्या दोघी परत आलेल्या होत्या. त्यांचं काय झालं ते तिनं रोज बघितलेलं. माझा राग लगेच गेला नाही. पण पाणी घेतलं.

मोठीआई आली ती दाराशीच मान खाली घालून बसली. तिला वाटलं डॉक्टरबाई आता फाडून खाणार. डॉक्टरबाईंनी तिला आत बोलावलं, तिचा हात धरून माझ्या बेंबीखाली ठेवला. "कसं लागतं?" "कडक." "नारळासारखं?" "हो." "बाळ झाल्यावर हे असं लागलं पाहिजे. मऊ लागलं की चोळायचं आणि गाडी बोलवायची. पट्टी बांधायची घाई नको. आणि कपडा भिजतोय तर ती घाण नव्हे, बाईचा जीव आहे." मग आत्याबाईंनाही हात लावायला लावला, आईलाही. तिघी ओळीनं माझं पोट चाचपत होत्या आणि मी आढ्याकडं बघत पडले होते. मोठीआईनं पुढं जितकी बाळंतपणं केली, तितक्यांत पट्टीच्या आधी हात ठेवला. आणि शंका आली की ती स्वतः ओरडून जीप बोलवायची.

*

टाका कसा असतो ते मला काही केल्या कळेना. मी रोज विचारायची. एक दिवस डॉक्टरबाई वैतागल्या आणि लेकीच्या डोक्यावरचं टोपडंच काढून घेतलं. तोंड खाली करून धरलं. "ही तुझी पिशवी." बांधायच्या दोऱ्यांपैकी एक उसवून सुईत ओवली. पुढून खालच्या काठाशी घातली, वरून टोपड्याच्या डोक्यावरून मागं नेली, मागच्या बाजूनं आडवी काढली, परत डोक्यावरून पुढं आणली, खाली काठाशी बाहेर काढली. दोन टोकं राहिली. "आता बघ." त्यांनी दोन्ही टोकं ओढली. टोपडं चुरगळून गोळा झालं आणि तसंच घट्ट राहिलं.

मी ते हातात घेऊन कितीतरी वेळ बसले. एवढंच? मशीन नाही, दिवा नाही, औषध नाही. सुई आणि एक दोरा, तोही महिन्या-दोन महिन्यांत विरघळून जाणारा. साता समुद्रापार कुणाच्या तरी डोक्यात आलेलं, कागदावर चित्र होऊन पुण्याला आलेलं, तिथून एका बाईनं डोक्यात धरून एसटीनं बीडला आणलेलं. तिला माहीत नव्हतं ते कुणासाठी आणतेय. मला माहीत नव्हतं ते येतंय. तोवर मी ज्या देवांना नमस्कार करायची त्यांना हात होते, शस्त्रं होती. सुई-दोरा कुणाच्याच हातात बघितला नव्हता.

"बाई, तुम्हाला भीती वाटली न्हाई?" मी विचारलं.

"वाटली की," त्या म्हणाल्या. "टाका घालताना नाही. घरी गेल्यावर."

*

शरीर भरून आलं, भीती राहिली. पाळी परत आली तेव्हा लाल रंग बघून मी न्हाणीघरात खाली बसले. केस मूठमूठ गळाले. बाजरीची भाकरी, डिंक, हाळीव, आत्याबाई समोर बसून खाऊ घालायच्या, बोलायच्या नाहीत. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना एवढंच सांगते, बरं झाल्यावरची भीतीही आजाराचाच भाग असते, लाजू नका. कुणाला तरी सांगा. मी भिंतीला सांगत होते, नंतर ह्यांना सांगितलं.

लेक शाळेत जायला लागली तेव्हा मला दुसरं मूल हवंसं वाटलं. माझं मला. डॉक्टरबाई म्हणाल्या, चालेल, पण बाळंतपण इथंच आणि ठरवून ऑपरेशननं. आई खूश. आत्याबाईंनी मात्र स्वतःच्या मुलाशी बोलणं टाकलं. "एक लेक बास हाय. कशाला पाहिजे दुसरं?" मोंढ्यात हसायचे लोक, की जगातली पहिली सासू, जी नातू नको म्हणते. नऊ महिने त्यांनी ह्यांना ताट वाढलं ते मुकाट्यानं.

मुलगा झाला. पोट उघडलेलं असताना मी जागी होते. पडद्यापलीकडून डॉक्टरबाई म्हणाल्या, "महानंदा, एक फिकट रेघ आहे. बाकी काही नाही, जणू कुणी हात लावलाच नव्हता."  

दुपारी खाटेवर आणलं. आई बाळाला घेऊन व्हरांड्यात सगळ्यांना दाखवत होती. आत्याबाईंनी बाळाकडं अजून बघितलंही नव्हतं. त्यांनी स्टूल ओढलं आणि पांघरुणाखाली हात घालून माझ्या पोटावर, पट्टीच्या वर, तळवा ठेवला. सिस्टर म्हणाली, आजी, आम्ही बघतो ना. त्या हलल्या नाहीत.

मी म्हटलं, "आत्याबाई, तवा तुमाला फोनवरून कसं कळलं?"

पोटावरचा तळवा न उचलता त्या बोलल्या. "माझी बहीण होती, धाकटी. तिचं बाळंतपण आईनं केलं, आन् मी होते शेजारी. आई म्हणत होती, जाऊ दे, घाण हाय. मीच कपडे बदलत होते. ती हसत हसत गेली, म्हणली, अक्का, लई हलकं वाटतंय." त्यांनी तळवा जरा दाबून बघितला. कडक लागलं असावं, कारण त्यांनी श्वास सोडला. "मी तिच्याजवळच बसले होते गं. दोन्ही हात रिकामे होते माझे. कुठं ठेवायचे, कुणी सांगितलंच न्हाई."

मी त्यांच्या हातावर माझा हात ठेवला. संध्याकाळचा चहा आला, तो त्यांनी डाव्या हातानं प्यायला.